ऐरोली-दिघा पट्टा: प्रथम वर्षाच्या विनाअनुदानित जागा भरत नाहीत, जाहिरातीवर खर्च करावा का?

ऐरोलीची_पायरी

जाणकारांचा सल्ला हवा आहे. कॉलेज ठाणे-बेलापूर रस्त्यालगत, ऐरोली आणि दिघ्याच्या मधे. मुंबई विद्यापीठाशी संलग्न, स्वायत्त नाही, स्वतःचं ज्युनिअर कॉलेज आहे. अनुदानित बीकॉमची १२०ची तुकडी पहिल्या-दुसऱ्या यादीतच भरते. रडगाणं विनाअनुदानित बाजूचं आहे: बीएएफ (लेखा आणि वित्त), बीएस्सी आयटी आणि पूर्वीचं बीएमएस, जे आता बीकॉम (व्यवस्थापन अभ्यास) म्हणून चालतं. प्रत्येकी ६० जागा. जूनमध्ये तक्ता बरा दिसतो आणि गणपतीपर्यंत त्याला भगदाड पडलेलं असतं. बीएस्सी रसायनशास्त्र तर जूनमध्येच निम्मं रिकामं.

संस्थेने सुचवलेले उपाय: ऐरोली स्टेशनबाहेर होर्डिंग, रिक्षांच्या पाठीवर जाहिरात, रील्स करणारी दोन मुलं, शिवाय ‘दर प्रवेशामागे अमुक रक्कम’ घेणारे एक गृहस्थ. प्रवेश समितीत यावरून दोन तट पडलेत.

मुळात विद्यार्थी कमी झालेत की दुसरीकडे जातायत? जून ते सप्टेंबरची गळती कशी थांबवायची? आणि पैसे मोजकेच असतील तर आधी कुठे घालायचे?

तिसरी_यादी

होर्डिंगचा विषय आठवडाभर बाजूला ठेवा, ताई. आधी पाणी कुठून गळतंय ते बघा.

प्रत्येक अभ्यासक्रमासाठी मागच्या तीन वर्षांचे पाच आकडे काढा: तुमच्याकडे आलेले अर्ज, यादीत लागलेली नावं, कागदपत्रं तपासून फी भरलेले, १ सप्टेंबरला वर्गात असलेले, आणि पहिल्या सत्राच्या परीक्षेला बसलेले. बहुतेक कॉलेजं फक्त तिसरा आकडा विश्वस्तांपुढे ठेवतात आणि तिथेच फसतात.

अर्जांच्या आकड्याने हुरळून जाऊ नका. विद्यापीठाच्या पोर्टलवर प्रवेशपूर्व नोंदणी एकदाच होते, पण तोच नोंदणी क्रमांक घेऊन मुलगा सहा-सात कॉलेजांत अर्ज टाकतो, तुमच्याच कॉलेजात तीन अभ्यासक्रमांना टाकतो. म्हणून आधी नोंदणी क्रमांकावरून दुबार नावं काढा. मोबाईल नंबरवरून काढू नका, भावंडांचा नंबर एकच असतो आणि सायबर कॅफेवाला सरळ स्वतःचा टाकून देतो.

समजा, आयटीला ३०० अर्ज आले, यादीत १८० लागले, फी भरली ५२ जणांनी, सप्टेंबरला हजर ३८. (आकडे समजावण्यापुरते.) इथे ३०० घरांना तुमचं नाव माहीत आहे, होर्डिंगने काय साधणार? भोक १८० ते ५२ मध्ये आहे आणि दुसरं ५२ ते ३८ मध्ये. आता रसायनला समजा अर्जच ४० आले, यादीत ४०, फी भरली २८ जणांनी, हजर २६. तिथे गळती जवळपास नाहीच, येणारेच कमी. या दोन दुखण्यांना एकच औषध देणं म्हणजे पैसे खाडीत टाकणं.

पहिल्या भोकाला उपाय फोनचा. यादी लागली की फी भरायला मोजके दिवस मिळतात. फोन त्याच संध्याकाळी आणि दुसऱ्या सकाळी गेला पाहिजे. शेवटच्या दिवशी केलेला फोन निव्वळ हजेरी लावण्याचा. विचारायचं एवढंच: प्रवेश घ्यायचं नक्की आहे का, कुठल्या कागदावर अडलंय, आणि दुसरं कुठे नाव लागलंय. उत्तर वहीत गोष्टीरूपाने लिहू नका, ठरलेले कोड ठेवा: दाखला मिळाला नाही, फीचे पैसे नाहीत, पोर्टलवर पैसे कापले पण पावती नाही, दुसरं कॉलेज, सीईटीची वाट, प्रवास लांब, फोन लागला नाही. सात पुरतात. तिसऱ्या यादीपर्यंत चित्र आपोआप दिसतं.

‘दाखला’ आणि ‘पावती’ हे कोड जास्त आले तर दोष तुमच्या ऑफिसचा आहे, बाजाराचा नाही. पैसे कापले गेले आणि पावती निघाली नाही, की पालक दुसऱ्यांदा भरायला घाबरतो आणि गप्प बसतो. मुदत संपते. अशांसाठी एक माणूस एका टेबलावर बसवा, ज्याच्याकडे पेमेंट गेटवेचं लॉगिन आहे आणि जो व्यवहार क्रमांक बघून तिथल्या तिथे सांगू शकतो. मूळ दाखल्यासाठी हमीपत्रावर तात्पुरता प्रवेश देता येतो का ते प्राचार्यांकडून लेखी ठरवून घ्या, नाहीतर खिडकीवरचा प्रत्येक जण वेगळं सांगतो.

आणि एक: तुमच्याच ज्युनिअर कॉलेजातली किती मुलं बारावीनंतर तुमच्याकडे राहिली? इनहाऊस मुलांना पहिल्या यादीत प्राधान्य असूनही ती बाहेर जात असतील तर रिक्षाच्या पाठीवर काय लिहायचं हा प्रश्नच उरत नाही.

रोजकीर्द

वरच्या प्रतिसादातल्या दुसऱ्या भोकाबद्दल. ते ऑफिसात पडत नाही, वेळापत्रकात पडतं.

पारंपरिक अभ्यासक्रमांच्या विद्यापीठाच्या याद्या निकालानंतर लगेच लागतात. २०२५ मध्ये बारावीचा निकाल ५ मे रोजीच आला, २०२४ मध्ये तो २१ मे रोजी आला होता. म्हणजे तुमची फी मे-जूनमध्ये जमा होते. सीईटी कक्षाच्या इंजिनीअरिंग, फार्मसी आणि बीबीए-बीसीएच्या कॅप (केंद्रीय प्रवेश प्रक्रिया) फेऱ्या मात्र जुलै-ऑगस्टमध्ये चालतात. पालक शहाणा असतो. तुमच्याकडे जागा धरून ठेवतो आणि तिकडे नाव लागलं की उठतो. याला फसवणूक म्हणू नये, आपणही तेच केलं असतं.

ही गळती पूर्ण थांबत नाही, फक्त आधी मोजता येते. प्रवेश घेताना एका ओळीचा रकाना ठेवा: ‘कुठली सीईटी दिली आहे?’ ज्यांनी एमएचटी-सीईटी दिली आहे त्यांना यादीत खूण करा. आयटीला हे प्रमाण जास्त असेल, बीएएफला कमी. त्या अंदाजाने प्रतीक्षा यादी जिवंत ठेवा. म्हणजे दर पंधरवड्याला त्यातल्या मुलांना ‘अजून इच्छुक आहात का’ एवढा मेसेज. ऑगस्टमध्ये जागा सुटल्यावर जूनची यादी उघडून फोन लावणारी कॉलेजं बघितलीत तर उत्तर एकच येतं: ‘सर, दुसरीकडे कधीच घेतला.’ विद्यापीठ प्रवेशाची मुदत वाढवतं तेव्हा त्या परिपत्रकावर लक्ष ठेवा. मुदतीनंतर दिलेल्या प्रवेशाची नावनोंदणी अडकते.

फी परताव्याबद्दल खिडकीवर सर्रास चुकीचं सांगितलं जातं, म्हणून सविस्तर. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८च्या अधिसूचनेत पाच टप्पे आहेत. प्रवेशाच्या जाहीर अंतिम तारखेच्या १५ दिवस किंवा त्याहून आधी रद्द केला तर १०० टक्के, त्यातून प्रक्रिया शुल्क जास्तीत जास्त ५ टक्के आणि तेही ५,००० रुपयांच्या आत. अंतिम तारखेआधी १५ दिवसांपेक्षा कमी उरले असतील तर ९० टक्के. तारखेनंतर १५ दिवसांपर्यंत ८०, सोळाव्या ते तिसाव्या दिवसापर्यंत ५०, त्यानंतर शून्य. लेखी अर्ज आल्यापासून १५ दिवसांत पैसे द्यायचे. मूळ प्रमाणपत्रं अडवून ठेवता येत नाहीत. शिवाय यूजीसी काही वर्षी वेगळी सवलत जाहीर करते. २०२४-२५ साठी ३० सप्टेंबरपर्यंत पूर्ण परतावा आणि ३१ ऑक्टोबरपर्यंत फार तर १,००० रुपये कपात असं होतं. त्या वर्षीचं परिपत्रक बघूनच बोला.

‘परतावा मिळणार नाही’ असं दरडावून सांगितलं की जाणारा थांबतो, असा एक समज आहे. थांबत नाही. तो जातोच, वर धाकट्या बहिणीला तुमच्याकडे पाठवत नाही.

आता शिष्यवृत्ती. ते गृहस्थ जे प्रवेशामागे रक्कम घेणार आहेत, ते सगळ्यात आधी ‘फी माफ होईल’ हेच सांगतील. ८ जुलै २०२४च्या शासन निर्णयाने मुलींना शिक्षण व परीक्षा शुल्काची १०० टक्के सवलत मिळाली, पण ती ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास) आणि ओबीसी मुलींना, कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर, आणि कॅपमधून घेतलेल्या व्यावसायिक अभ्यासक्रमासाठी. व्यवस्थापन कोट्याला नाही. तुमचं बीएएफ किंवा बीएस्सी आयटी त्यात बसत नाही. ‘मुलींना फुकट’ असं कुणी पत्रकावर छापलं तर सप्टेंबरमध्ये तुमच्या खिडकीवर भांडण होणार, छापणाऱ्याच्या नाही.

महाडीबीटीच्या (राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलच्या) बाकीच्या योजनाही विनाअनुदानित तुकडीला सारख्या लागू होत नाहीत. प्रत्येक योजनेपुढे आपल्या कोणत्या तुकडीला लागू आणि कोणत्या नाही, असा एक कागद करून खिडकीवर चिकटवा. अर्ज अडतात ते बहुतेक तीन जागी. एक, आधार बँकेत ‘दिलेलं’ असतं पण खात्याला थेट लाभासाठी जोडलेलं नसतं. केवायसी वेगळं आणि सीडिंग वेगळं, हे पालकाला बँकेत पाठवतानाच सांगा. दोन, उत्पन्नाचा दाखला जुन्या आर्थिक वर्षाचा. ऐरोली-घणसोलीच्या मुलाला तो ठाणे तहसीलमधून मिळतो, खारघर-कामोठ्याच्या मुलाला पनवेलमधून, हे न कळल्याने फेऱ्या होतात. तीन, अर्ज आपल्याच क्लार्क लॉगिनमध्ये पडून असतो. मुलाला वाटतं सरकारकडे गेला, प्रत्यक्षात तो तुमच्या प्राचार्यांपर्यंतही पोचलेला नसतो. सोमवार-गुरुवार ते लॉगिन उघडायचंच असा नियम करा.

खाडीपल्याड

मुलं कमी झालीत का, या प्रश्नावर थोडं.

देशभरात उच्च शिक्षणातली नोंदणी वाढलीच आहे. केंद्राच्या एआयएसएचई (उच्च शिक्षण सर्वेक्षण) अहवालात २०१४-१५ मध्ये ३.४२ कोटी होती, २०२१-२२ मध्ये ४.३३ कोटी. महाराष्ट्र उत्तर प्रदेशच्या खालोखाल. जननदर घटतोय हे खरं (राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी, म्हणजे एनएफएचएस-५ नुसार राज्यात दर स्त्रीमागे १.७ मुलं), पण २०२६ ला पहिल्या वर्षाला येणारं मूल साधारण २००८ ला जन्मलंय आणि नवी मुंबईत बाहेरून येणारी कुटुंबंही आहेत. तेव्हा ‘मुलंच नाहीत’ हे कारण तुमच्या पट्ट्यात निदान आज तरी चालणार नाही. मुलं विभागली गेलीत.

२०२४-२५ पासून बीबीए, बीएमएस, बीसीए एआयसीटीईच्या (तंत्रशिक्षण परिषदेच्या) कक्षेत गेले आणि सीईटी आली. पहिल्या वर्षी इतका गोंधळ झाला की कमी प्रतिसादामुळे जादा सीईटी घ्यावी लागली. तुमच्यासारख्या बऱ्याच कॉलेजांनी नाव बदलून बीकॉमची वाट धरली. तो निर्णय प्रवेशाच्या दृष्टीने बरोबर होता, पण त्याची किंमत अशी की ‘बीएमएस आहे का?’ विचारत आलेल्या पालकाला खिडकीवर ‘नाही’ असं उत्तर मिळतं. माणूस निघून जातो! ‘आहे, नाव आता हे, सीईटी लागत नाही’ हे वाक्य शिपायापासून सगळ्यांना पाठ हवं. वेबसाइटवर जुनं नावही ठेवा, लोक शोधतात तेच.

त्याच वर्षी एआयसीटीईने इंजिनीअरिंगच्या एका शाखेत किती जागा घ्यायच्या यावरची मर्यादा उठवली. नामांकित कॉलेजांत संगणक आणि एआयच्या जागा वाढल्या. पूर्वी तिथे न लागून बीएस्सी आयटीला येणारा मुलगा आता ऑगस्टमध्ये तिकडे लागतो. रोजकीर्द यांनी सांगितलेली गळती आयटीत जास्त का, याचं उत्तर यात आहे.

परदेशी विद्यापीठांची धास्ती घेऊ नका. जून २०२५ मध्ये अ‍ॅबर्डीन, यॉर्क, वेस्टर्न ऑस्ट्रेलिया, इलिनॉय इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी आणि इटलीची आयईडी या पाच जणांना मुंबई-नवी मुंबईसाठी इरादापत्रं मिळाली. त्यांचा ग्राहक आणि तुमचा विद्यार्थी एका लोकलमध्ये बसत नाहीत. तुमची खरी स्पर्धा शेजारच्या स्टेशनावरच्या कॉलेजाशी आहे, आणि जानेवारी २०२४ मध्ये दिघा गाव स्टेशन सुरू झाल्यापासून ते शेजारचं स्टेशन बदललंय. त्याच महिन्यात उरणपर्यंत लोकल सुरू झाली, पण तिचा फायदा बेलापूर-नेरूळला, ऐरोलीला नाही. ठाणे, कळवा, मुंब्रा, दिवा हे तुमचं खरं क्षेत्र. दिव्याचा मुलगा ठाण्याला उतरून ट्रान्स-हार्बर पकडतो. त्याला पत्रकावर ‘निसर्गरम्य परिसर’ नको, सकाळचं पहिलं लेक्चर किती वाजता आणि त्यासाठी ठाण्याहून कितीची गाडी, हे हवं. रेल्वेच्या सवलत पासचा फॉर्म कॉलेजात कुठे आणि कोणत्या वेळी मिळतो, तेही.

कळवेकर

होर्डिंगला इतकं झोडपू नका. पहिल्या यादीच्या आठवड्यात पालकाला जागा सापडायला फलक लागतोच. मात्र तो मार्च ते मे असा तीन महिने भाड्याने घेऊ नये, निकालाच्या आसपासचे तीन आठवडे बास. त्यावर नऊ सत्कारमूर्तींचे फोटो नकोत. अभ्यासक्रमांची नावं, फोन नंबर आणि स्टेशनपासून चालत किती मिनिटं, एवढंच.

कमिशनवाल्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे: नको. त्याला पैसे मिळतात प्रवेशाच्या दिवशी, तुम्हाला मुलगा हवा असतो सप्टेंबरला. दोघांचं गणितच वेगळं.

अवांतर: पालकभेटीचा दिवस रविवारी ठेवणार असाल तर शुक्रवार-शनिवारी मेगाब्लॉकचं वेळापत्रक बघा. ट्रान्स-हार्बर बंद असेल तर मांडव रिकामा. शनिवार दुपार बरी.

ऐरोलीची_पायरी

फार उपयोगी. इनहाऊसचा आकडा काढायला घेतलाय, आणि तो बघून तट एक होतील असं दिसतंय. आणखी दोन शंका. क्लासवाल्यांकडून बारावीच्या मुलांची यादी विकत मिळते म्हणतात, घ्यावी का? आणि रसायनशास्त्राचं काय करायचं? तिथे अर्जच कमी आहेत.

तिसरी_यादी

यादी घेऊ नका. तीच यादी दहा कॉलेजांना विकलेली असते, पालक चौथ्या फोनला शिव्या घालतो. शिवाय बारावीतली बरीच मुलं १८ च्या आतली, आणि २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ खालचं म्हणजे मूल. त्याची माहिती वापरायला पालकांची संमती हा त्या कायद्याचा गाभा आहे. विकत आणलेल्या यादीला कुणाची संमती दाखवणार? घाऊक एसएमएस पाठवायचे तरी ट्रायच्या (दूरसंचार नियामकाच्या) नियमांप्रमाणे डीएलटी या नोंदणी व्यवस्थेवर हेडर (पाठवणाऱ्याचं नाव) आणि मजकुराचा टेम्प्लेट आधी नोंदवावा लागतो. नोंदवलेल्या टेम्प्लेटपेक्षा मजकूर वेगळा गेला तर मेसेज वाटेतच गळतो आणि तुम्हाला वाटतं ‘पाठवले’. हे काम एप्रिलमध्ये उरका, निकालाच्या दिवशी नाही.

त्यापेक्षा स्वतःची यादी करा. आसपासच्या ज्युनिअर कॉलेजांत दिवाळीनंतर ते पूर्वपरीक्षेआधी जा. त्यानंतर शिक्षक कुणाला आत घेत नाहीत, आणि प्रात्यक्षिकं सुरू झाली की विषयच संपला. सीईटीच्या नोंदणीचीही माहिती त्याच भेटीत द्या. ती बारावीच्या परीक्षेच्या आसपासच उरकते आणि मुलांना निकालानंतर कळतं. तुमच्याकडे सीईटीचा अभ्यासक्रम नसला तरी सांगा, तुमच्या फोनला उत्तर मिळायला तेच कारण ठरतं.

खाडीपल्याड

रसायनबद्दल: तुमच्या दारात टीटीसी औद्योगिक क्षेत्र आहे, ऐरोली-रबाळे-महापे-पावणे. तळोजा पलीकडे. रसायन आणि औषध कारखान्यांच्या गुणवत्ता तपासणी प्रयोगशाळांना बीएस्सीवाले लागतात, पण हे बारावीच्या मुलाला आणि त्याच्या घरच्यांना माहीत नसतं. त्यांना वाटतं, रसायन म्हणजे शिक्षक व्हायचं किंवा एमएस्सीला रांग लावायची. तेव्हा इथे सांगण्याचा प्रश्न आहे, फीचा नाही. माजी विद्यार्थी आज कुठल्या पदावर काम करतात याची, त्यांच्या परवानगीने, खरी यादी करा. ‘१०० टक्के प्लेसमेंट’ लिहू नका, कुणी विश्वास ठेवत नाही.

दुसरं, प्रयोगशाळा उघडा. बऱ्याच ज्युनिअर कॉलेजांत प्रात्यक्षिकं नावालाच होतात. डिसेंबर-जानेवारीत शनिवारी २०-२० मुलांच्या गटाने बारावीच्याच प्रयोगांचा सराव करून द्या. पोटॅशियम परमँगनेटचं अनुमापन घ्या. ऑक्झॅलिक आम्लासोबत करताना द्रावण ६० ते ७० अंशांपर्यंत तापवावं लागतं, मोहर मिठासोबत तापवायचं नसतं. मुलं नेमकं उलट करतात. सल्फ्युरिक आम्ल कमी पडलं की गुलाबी रंगाऐवजी तपकिरी गढूळपणा येतो आणि मुलगा घाबरून पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. हे तुमच्या प्राध्यापकांनी शेजारी उभं राहून एकदा दाखवलं तर तो मुलगा जूनमध्ये तुमचं कॉलेज विसरत नाही. रसायनं, काचसामान आणि प्रयोगशाळा सहायकाचा शनिवारचा भत्ता धरला तरी होर्डिंगच्या तुलनेत खर्च नगण्य. बाहेरच्या मुलांसाठी त्यांच्या कॉलेजचं पत्र आणि पालकांचं संमतीपत्र घ्या, गॉगल आणि अ‍ॅप्रनशिवाय कुणाला आत सोडू नका.

तिसरं, यूजीसीच्या शिकाऊ उमेदवारीसह पदवीच्या मार्गदर्शक सूचना वाचा. कारखान्यात उमेदवारी, त्याचे क्रेडिट आणि विद्यावेतन असा तो साचा. विद्यापीठाची मान्यता आणि कंपनीशी लेखी करार आधी, पत्रक नंतर. करार नसताना ‘शिका आणि कमवा’ छापलं की पहिल्याच सत्रात अंगाशी येतं.

आणि तीन-चार वर्षांच्या पदवीचा गोंधळ खिडकीवरच दूर करा. पालक विचारतात, ‘आता चार वर्षं झाली ना?’ तीन वर्षांनी १३२ क्रेडिट पूर्ण करून पदवी घेऊन बाहेर पडता येतं, चौथं वर्ष ऑनर्ससाठी, एकूण १७६. केवळ ‘चार वर्षं’ ऐकून परत जाणारे पालक रसायनच्या खिडकीवर सगळ्यात जास्त असतात, कारण त्यांना एमएस्सीची दोन वर्षं आधीच डोळ्यांपुढे दिसत असतात.

रोजकीर्द

ऐरोली-घणसोलीत सीबीएसईच्या शाळा बऱ्याच आहेत, त्यांचं वरच्या कुणी बोललं नाही. त्या मुलांना स्थलांतर प्रमाणपत्र लागतं, ते डिजिलॉकरवर मिळतं हे फोनवरच सांगा. त्यांचा निकाल राज्य मंडळाच्या निकालाबरोबर लागत नाही, तेव्हा २०२५ सारखा राज्याचा निकाल लवकर लागला तर पोर्टलची मुदत आणि यांचा निकाल यात फार दिवस उरत नाहीत. नावनोंदणीआधी एबीसी-अपार आयडी (विद्यार्थ्याचं क्रेडिट खातं आणि ओळख क्रमांक) तयार आहे का तेही विचारून घ्या. आधारवरचं नाव आणि गुणपत्रिकेवरचं नाव जुळत नसेल तर तिथेच अडतं आणि आधार दुरुस्तीला वेळ लागतो. आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव हा क्रम उलटसुलट असलेली प्रकरणं मे महिन्यातच वेगळी काढा.